दूरच्या सर्व्हरचे दार : कावेरीकाठच्या केंद्रांपासून घ्यायचा धडा

तंजावरच्या उत्तरेस कावेरीकाठी वसलेले तिरुवैयारू संगीतरसिकांना त्यागराजांच्या समाधीमुळे ठाऊक आहे. कृषिविस्ताराच्या क्षेत्रात या गावाची ओळख वेगळी आहे. भारतीय अंतराळ संशोधन संस्था आणि एम. एस. स्वामीनाथन संशोधन प्रतिष्ठान यांनी ग्राम संसाधन केंद्रे उपग्रहाद्वारे चेन्नईशी जोडली. १८ ऑक्टोबर २००४ रोजी तत्कालीन पंतप्रधान डॉ. मनमोहन सिंग यांनी त्यांच्या पहिल्या समूहाचे उद्घाटन केले. त्यात तिरुवैयारूसह तंगच्चिमडम व सेम्पट्टी ही केंद्रे होती.

या प्रदेशात वेळेवर मिळालेल्या माहितीचे मोल मोठे आहे. मेट्टूर धरणातून पाणी सोडण्याची रूढ तारीख १२ जून; कुरुवै भाताची रोपवाटिका केव्हा टाकायची, हे त्यावरच ठरते. कालव्याच्या शेपटाकडील शेतकऱ्याला पाण्याची फाइल उशिरा मिळाली, अथवा वाटेत कोणी तिच्यात फेरफार केला, तर त्याचे बियाणे आणि मजुरी दोन्ही वाया जातात.

अशा केंद्रात स्वतःचा सर्व्हर ठेवायचा, तर त्यावर दोन सोयी लागतात. तंत्रज्ञाला दुरून लॉगिन करता यावे आणि फाइलींची ने-आण व्हावी. चेन्नईहून तंजावर जिल्हा ३०० किलोमीटरहून दूर. प्रत्येक बिघाडासाठी माणूस पाठवणे परवडत नाही.

फाइल हस्तांतरणाचा जुना मार्ग म्हणजे एफटीपी. कानपूरच्या आयआयटीच्या पहिल्या तुकडीचे विद्यार्थी अभय भूषण यांनी १९७१ मध्ये त्याचा पहिला आराखडा लिहिला, ही भारतीयांना अभिमानाची बाब. परंतु त्या काळी जाळ्यावर मोजकी विश्वासू मंडळी होती. मूळ एफटीपीत आणि टेलनेटमध्ये संकेतशब्द उघड्या अक्षरांत जातो. उघड्या पोस्टकार्डावर तिजोरीचा क्रमांक लिहून धाडावा, तसाच हा प्रकार. हेलसिंकीच्या तांत्रिक विद्यापीठाच्या जाळ्यावर असेच संकेतशब्द चोरले गेले, तेव्हा ताटू युलोनेन यांनी १९९५ मध्ये एसएसएच तयार केले. त्यात सारा मजकूर सांकेतिक रूपात जातो. लॉगिन आणि एसएफटीपी ही फाइल-सेवा, दोन्ही पोर्ट २२ या एकाच दारातून चालतात. म्हणून नव्या सर्व्हरवर टेलनेट व साधी एफटीपी सुरू करण्याचे कारण उरत नाही.

लिनक्स सर्व्हरवर ओपनएसएसएच बसवून सेवा सुरू करणे काही मिनिटांचे काम आहे. खरी कसोटी त्यानंतरची. फायरवॉलमध्ये फक्त आवश्यक पोर्ट उघडावे. 'रूट' या सर्वाधिकारी खात्याचे थेट लॉगिन बंद करावे. संकेतशब्दाऐवजी किल्ल्यांची जोडी वापरावी : सार्वजनिक किल्ली सर्व्हरवर, खाजगी किल्ली कर्मचाऱ्याच्या संगणकातच. किल्लीने लॉगिन होते याची खात्री पटल्यावरच संकेतशब्दाचा मार्ग बंद करावा. सेटिंग बदलून सेवा पुन्हा सुरू करताना चालू जोडणी तोडू नये. दुसऱ्या खिडकीतून नवे लॉगिन करून पाहावे. एवढी खबरदारी चुकली की दुरून काम करणारा स्वतःच बाहेर अडकतो आणि वाचवलेला प्रवास अखेर करावाच लागतो.

केवळ फाइल टाकणाऱ्या गावकार्यकर्त्याला संपूर्ण सर्व्हर खुला करण्याची गरज नाही. त्याला एसएफटीपीपुरते खाते देऊन एका फोल्डरपुरते मर्यादित करता येते. येथे एक खाच आहे. त्या बंदिस्त फोल्डरची मालकी रूटकडेच असावी लागते आणि तेथे इतर कोणाला लिहिण्याचा अधिकार नसावा. अन्यथा जोडणी लगेच तुटते. लिहिण्यासाठी आत वेगळा उपफोल्डर करावा.

केंद्रातील फाइलींत शेतकऱ्यांचे क्षेत्र, कर्ज आणि दूरध्वनी क्रमांकही असतात. त्यामुळे एकच खाते सर्वांनी वापरण्याची सवय येथे महागात पडते : नोंद कोणी बदलली, हे मग शोधता येत नाही. प्रत्येकाचे खाते वेगळे असावे. कार्यकर्त्याची बदली झाली, तर ज्या दिवशी तो कार्यालयाची चावी परत करतो, त्याच दिवशी त्याची सार्वजनिक किल्लीही सर्व्हरवरून काढून टाकावी.