एकाच पाटाचे दोन वाटेकरी

इंग्रजीत प्रतिस्पर्ध्याला ‘रायव्हल’ म्हणतात. त्याचं मूळ लॅटिनमधल्या ‘रीवुस’ या शब्दात, म्हणजे ओढ्यात किंवा पाटात आहे. एकाच पाटातून शेतात पाणी नेणारे ते ‘रिव्हालिस’. रोमन कायद्यात त्यांच्या तंट्यांची दखल आहे. ‘कॉम्पिटिशन’चा मूळ अर्थ तर एकत्र येणं, जुळणं असा. एकाच गोष्टीमागे दोघांनी लागणं हा अर्थ पुढचा.

नांदुऱ्याच्या शेतकऱ्याला हे वेगळं सांगायला नको. पूर्णा नदीकाठचा पट्टा खारपाणाचा, विहिरीचं पाणी खारट, म्हणून गोड पाण्याचे वाटेकरी सगळेच. जिगावच्या धरणाकडे डोळे लागलेत ते यासाठीच.

जीवशास्त्रात स्पर्धेची अट नेमकी हीच आहे: गरज एक आणि साठा अपुरा. रशियन शास्त्रज्ञ गॉझ यांनी १९३४ साली प्रसिद्ध केलेल्या प्रयोगांत पॅरामेशियम या एकपेशीय जीवाच्या दोन जाती वेगवेगळ्या वाढवल्या, तेव्हा दोन्ही फोफावल्या. एकत्र ठेवल्यावर मात्र एकच उरली. दुसऱ्या एका जोडीत दोन्ही जाती टिकल्या, कारण त्यातली एक तळाशी जाऊन खात होती.

आपल्याकडे सोयाबीनमध्ये तुरीचं तास धरतात, त्यामागेही हेच शास्त्र आहे. तूर सुरुवातीला हळू वाढते, तोवर सोयाबीन आपला ऊन-पाण्याचा वाटा घेऊन साधारण शंभर दिवसांत निघून जातं. मग तूर पसरते आणि काळ्या मातीत खोल मुळं घालून उरलेली ओल वापरते. दोघांच्या मुळांवरच्या गाठींतले जिवाणू हवेतला नत्र बांधतात, त्यामुळे नत्रावरूनही ओढाताण कमी.

केना आणि लव्हाळा या तणांचं तसं नाही. त्यांची मुळं सोयाबीनच्याच थरात असतात आणि वाढही त्याच दिवसांत होते. म्हणून पेरणीनंतरचे पहिले ३० ते ४५ दिवस निर्णायक. त्या काळात पाऊस सलग लागला आणि डवरा शेतात जाऊ शकला नाही, तर नंतर कितीही निंदलं तरी झालेली तूट भरून येत नाही. सोयाबीनची पानं एकमेकांना भिडून जमीन झाकली गेली की सावलीत तण आपोआप मागे पडतं.

हलक्या जमिनीत मात्र हे गणित बिघडतं. माती उथळ, मुळांना खोली नाही. पावसाचा खंड पडला की तूर आणि सोयाबीनही एकाच ओलीवर तुटून पडतात. तिथे तुरीची तासं विरळ ठेवावीत. पण भारी काळ्या रानात, पाऊस बेभरवशाचा असताना, सलग सोयाबीनच्या नादी लागून तुरीचं तास सोडून देणं मला अजिबात पटत नाही.