स्वभाव कीं व्याधि?

आमच्या धाकट्या बंधूंस सारें घर 'कुढा' म्हणत असे. कचेरीची वेळ त्यांनीं कधीं चुकविली नाहीं, घरचें कामही बिनबोभाट केलें. परंतु गणेशचतुर्थीसही मुद्रा उतरलेली, पंगतींत दोन घास खाऊन उठणें, आणि रात्रीं ओसरीवर येरझारा. 'स्वभावाला औषध नाहीं' ही म्हण आम्हींच त्यांस कितीदां तरी ऐकविली.

ज्यास आम्ही स्वभाव समजलों, त्यास मनोवैद्य 'डिस्थायमिया' म्हणतात. नांव ग्रीक, तथापि संस्कृत शिकलेल्यांस तें अगदींच परकें नाहीं. पूर्वपद आपल्या 'दुस्' उपसर्गाचें सगोत्र. उत्तरपद 'थ्यूमॉस' म्हणजे चित्तवृत्ति, आणि भाषाशास्त्रज्ञ त्याचें नातें आपल्या 'धूम' शब्दाशीं जोडतात. ज्वाळा नाहीं, विझणेंही नाहीं. ओल्या लांकडाप्रमाणें नुसतें धुमसणें. (व्युत्पत्तीचा मोह आम्हांस आवरत नाहीं, वाचकांनीं क्षमा करावी.)

१९८० सालीं अमेरिकन मनोवैद्यसंघाच्या वर्गीकरणांत ह्या विकारास स्थान मिळालें. २०१३ पासून तेथें तो दीर्घकालीन खिन्नतेच्या सदरांत मोडतो. दोन वर्षें वा अधिक काळ बहुतेक दिवस मन खिन्न असावें, मध्यें सलग दोन महिन्यांहून अधिक उसंत नसावी, आणि भूक, झोंप, थकवा, एकाग्रता, आत्मविश्वास व आशा ह्यांपैकीं निदान दोहोंत बिघाड असावा. मुलांत एक वर्ष पुरे. तेथें खिन्नतेऐवजीं चिडचिडही दिसूं शकते. 'सौम्य' ह्या शब्दानें मात्र फसूं नये. मनुष्य कामावर जातो म्हणूनच त्याचें दुखणें कोणास दिसत नाहीं, आणि पुढें कित्येकांस ह्यावरच तीव्र विषादाचा झटका येतो.

सेवानिवृत्तीच्या सुमारास बंधूंची झोंप पार उडाली, तेव्हां कोठें डॉक्टरांकडे जाणें झालें. "हें केव्हांपासून?" असें त्यांनीं विचारलें. बंधु म्हणाले, "मॅट्रिकच्या आधींपासून. सर्वांस असेंच वाटत असेल, मीच आळशी, असें मला वाटे. दादाही तेंच म्हणत." आम्ही शेजारींच बसलों होतों.

प्रथम थायरॉइडची तपासणी झाली, कारण तिच्या मंदपणानेंही असेंच होतें. मग गोळ्या, आणि आठवड्यास एकदां मानसोपचारतज्ज्ञांशीं बोलणें. गोळ्यांचा गुण दिसण्यास कांहीं आठवडे लागतात. बरें वाटतांच त्या आपल्या मनानें सोडूं नयेत. ज्यांस कोठें जावें हें उमगत नाहीं, त्यांस सरकारच्या टेली-मानस सेवेच्या १४४१६ ह्या क्रमांकावर मराठींतही विनामूल्य सल्ला मिळतो.

परवां पंगतींत बंधूंनीं आमटी पुन्हां मागून घेतली. ती म्हण मात्र आम्हीं अद्यापि त्यांजपाशीं परत घेतलेली नाहीं.