मांजर हाकलण्याआधी माती झाका

नुकत्याच पेरलेल्या मेथीच्या वाफ्यात उकरलेली माती आणि तो उग्र दर्प आला की सोसायटीत उपाय सुरू होतात. वाफ्यात मिरचीपूड पडते, कोपऱ्यात डांबरगोळ्या येतात, कठड्यावर लाल पाण्याच्या बाटल्या उभ्या राहतात. बाटल्यांना मांजर भीक घालत नाही, आणि डांबरगोळी मांजराइतकीच रांगत्या मुलालाही विषारी. दुखणे रेड्याला आणि औषध पखालीला, असा हा प्रकार. पाळीव मांजराचा पूर्वज कोरड्या प्रदेशातले रानमांजर. विष्ठा भुसभुशीत मातीत पुरणे ही त्याची उपजत सवय. आपण अंगणे सिमेंटची केली, वाटांवर पेव्हर ब्लॉक बसवले आणि खत घालून, खुरपून, मोकळी ठेवलेली माती उरली ती फक्त वाफ्यात. मांजर तिथे जाणार नाही तर कुठे?

म्हणून उपाय मातीपासून सुरू व्हावा. कोंबड्यांच्या खुराड्याला लावतात ती जाळी वाफ्यावर आडवी पसरून वर बोटभर माती टाकली की रोपे जाळीतून वर येतात, पण पंजाला उकरता येत नाही. कुंडीत नारळाच्या शेंड्या किंवा गोटे पुरतात. जुना वास राहिला तर मांजर पुन्हा तिथेच येते, म्हणून घाण मातीसकट उचलावी. अमोनिया असलेल्या द्रावणाने फरशी पुसू नये, कारण त्याचा वास मुतासारखाच असतो. आणि एका आडोशाच्या कोपऱ्यात कोरड्या वाळूचा चौकोन करून तो रोज साफ करावा. नुसती बंदी घातली तर मांजर शेजारचा वाफा शोधते.

वाळू ठेवली तर आणखी मांजरे येतील, हा आक्षेप हमखास येतो. मांजरांची संख्या वाळूवर ठरत नाही, ती खाण्यावर आणि विणींवर ठरते. मांजरीचा गर्भकाळ जेमतेम नऊ आठवड्यांचा, आणि वर्षात दोन-तीन विणी सहज होतात. पकडून लांब सोडली तरी उष्टे-खरकटे जागेवरच असते, त्यामुळे नवी मांजरे येतात. नसबंदीने वाढ थांबते, बोक्यांचे मुताचे फवारेही बरेच कमी होतात. विष घालणे तर गुन्हाच आहे; भारतीय न्याय संहितेच्या कलम 325 खाली पाच वर्षांपर्यंत कैद होऊ शकते.

आरोग्याची भीती मात्र खरी आहे. टॉक्सोप्लाझ्मा हा परजीवी मांजराच्या विष्ठेतून पसरतो आणि गर्भाला धोका पोहोचवू शकतो. पण मांजर तो साधारणपणे पहिल्या संसर्गानंतरचे एक ते तीन आठवडेच बाहेर टाकते, आणि विष्ठेतला परजीवी संसर्गक्षम व्हायला एक ते पाच दिवस लागतात. एकदा तसा झाला की ओल्या मातीत वर्षभरही टिकू शकतो. म्हणजे आज मांजर घालवले तरी माती निर्धोक होत नाही. रोजची सफाई, हातमोजे आणि भाजी नीट धुणे यांनीच धोका कमी होतो. गर्भवतीने मातीकाम टाळावे.

मांजरांना खाऊ घालणाऱ्यांनी हे निस्तरावे, ही तक्रारही रास्त आहे. वाळूची सफाई त्यांच्याकडे द्यावी, ताटल्या खाणे होताच उचलायला सांगावे. जाळीचा खर्च बागेच्या खात्यातून करावा आणि नसबंदीचा सगळ्यांनी वाटून घ्यावा. मांजरावरून भांडणारे दोन्ही गट निदान स्वच्छ वाफ्यावर एकमत होऊ शकतात.