बाळसे आणि मेद

तान्हे मूल अंगाने भरू लागले, त्याच्या मनगटांना वळ्या पडल्या, गाल वर आले, की घरातील वडीलधारी माणसे कौतुकाने म्हणतात, "बाळाने बाळसे धरले हो!" या गुटगुटीतपणासाठी मराठीत असा स्वतंत्र शब्द आहे आणि तो उच्चारताना बोलणाऱ्याच्या मुद्रेवर समाधान उमटते. ते योग्यही आहे. पहिल्या वर्षात बाळाच्या अंगी मेदाचा साठा असावाच लागतो. पुढे ते रांगू लागते, चालू लागते, घरभर धावू लागते. उंची वाढते आणि बाळसे आपोआप झडते.

परंतु आठ-दहा वर्षांच्या मुलाच्या अंगावर मेद चढू लागला, तर त्याला बाळसे म्हणता येत नाही. घरची मंडळी मात्र पुष्कळदा तसेच म्हणतात. 'खात्यापित्या घरचे लेकरू आहे', 'उंची वाढली की होईल कमी', अशी ती स्वतःची समजूत घालतात. पहिली चूक होते ती येथे.

मेद म्हणजे शरीराची कणगी होय. अन्नापासून मिळणारी शक्ती उष्मांकांत मोजतात. एक ग्रॅम पिष्टमय पदार्थापासून किंवा प्रथिनापासून सुमारे 4 उष्मांक मिळतात, तर एक ग्रॅम तेलतुपापासून 9. श्वासोच्छ्वास, शरीराची वाढ, अभ्यास, खेळ या सर्वांना जेवढी शक्ती लागते तेवढी खर्च होते. उरलेली शरीर मेदाच्या रूपाने साठवून ठेवते. शेतकरीही सुगीत कणगी भरतो. पण ती पुढील सुगीपर्यंत रिकामी होत जाते. रोज भरली जाणारी आणि कधीच न उपसली जाणारी कणगी असेल, तर तिचे काय होईल हे सांगावयास नको. आपल्या पूर्वजांना ही गोष्ट ठाऊक होती. चरकसंहितेत 'अष्टौनिंदितीय' नावाचा एक अध्याय आहे. त्यात अतिस्थूल आणि अतिकृश या दोन्ही अवस्था दोषास्पद मानल्या असून, अतिस्थूलतेची कारणे म्हणून अतिभोजन, गोड व स्निग्ध पदार्थांचा अतिरेक, व्यायामाचा अभाव, दिवसा झोपणे आणि आनुवंशिकता ही सांगितली आहेत. ग्रंथ जुना असला तरी ही यादी जुनी झालेली नाही.

त्या काळी हा विकार थोड्यांचा होता. आज तसे राहिलेले नाही. जागतिक आरोग्य संघटनेच्या आकडेवारीनुसार 1975 साली जगातील पाच ते एकोणीस वर्षे वयाच्या मुलामुलींपैकी शंभरात एकालाही स्थूलतेचा विकार नव्हता. 2016 साली हे प्रमाण मुलींत शेकडा 6 आणि मुलांत शेकडा 8 झाले. 2022 साली अशा मुलामुलींची संख्या 16 कोटींच्या घरात होती.

आपल्या देशातील मुलांच्या बाबतीत यात आणखी एक मेख आहे आणि ती पुण्यात उलगडली. पुण्यातील के. ई. एम. रुग्णालयाचे डॉ. चित्तरंजन याज्ञिक आणि त्यांचे सहकारी यांनी पुण्याजवळच्या सहा खेड्यांतील मातांचा व त्यांच्या बाळांचा अभ्यास 1993 पासून आरंभिला. तेथील नवजात बालकांची तुलना त्यांनी इंग्लंडमधील साउदम्प्टन येथील बालकांशी केली. पुण्याकडील बाळांचे सरासरी वजन 2.7 किलोग्रॅम भरले, इंग्लंडमधील बाळांचे 3.5 किलोग्रॅम. आपली बाळे लहानखुरी होती. त्यांचे स्नायू कमी होते, पोटातील अवयव लहान होते. आश्चर्य असे की त्वचेखालचा मेद मात्र त्या मानाने फारसा कमी नव्हता. दिसावयास कृश आणि आतून मेदयुक्त, अशी ही बाळे होती.

हीच गोष्ट मोठ्या माणसांत कशी दिसते, हे 2004 साली 'लॅन्सेट' या वैद्यकीय नियतकालिकात छापलेल्या एका छायाचित्राने जगाला दाखविले. त्यात दोन डॉक्टर शेजारी शेजारी उभे आहेत. एक डॉ. याज्ञिक आणि दुसरे लंडनचे डॉ. जॉन युडकिन. किलोग्रॅममधील वजनाला मीटरमधील उंचीच्या वर्गाने भागले असता जो अंक येतो, त्याला देहवस्तुमान निर्देशांक म्हणतात. दोघांचाही हा अंक अगदी सारखा, 22.3, म्हणजे दोघेही कोणालाही सडपातळ वाटावेत असे. पण शरीरातील मेद मोजला, तेव्हा डॉ. युडकिन यांच्या अंगी तो शेकडा 9.1 निघाला आणि डॉ. याज्ञिक यांच्या अंगी शेकडा 21.2! वजनाचा काटा जे सांगू शकत नाही, ते येथे उघड झाले.

त्या सहा खेड्यांतील बाळे पुढे अठरा वर्षांची झाली. त्यांची तपासणी केली असता, पुष्कळ जण अंगाने सडपातळ असूनही रक्तातील साखर प्रमाणाहून अधिक असल्याचे आढळले. मधुमेह, रक्तदाब, हृदयविकार हे एके काळी उतारवयाचे रोग समजले जात. आता त्यांची मुळे बालपणात सापडतात. त्यामुळे मुलाच्या अंगावर थोडासा अधिक मेद चढणे हेही भारतीय घराने सहज सोडून देण्यासारखे नाही. आणि 'आमचा मुलगा तर काडीसारखा आहे, त्याने काहीही खाल्ले तरी चालेल' हे म्हणणेही तितकेच फसवे आहे.

आता घराकडे वळू. मुलाच्या पानात काय पडते हे मूल ठरवीत नाही, घर ठरविते. त्यातही आजी ठरविते. चिऊचा घास, काऊचा घास असे म्हणत ती नातवंडाला भरविते. पोट भरले म्हणून त्याने मान फिरविली, तरी 'एवढा एकच' म्हणून आणखी एक घास तोंडात घालते. तिला दोष देणे सोपे आहे. पण ते अन्यायाचे होईल. आज सत्तरीच्या आसपास असलेल्या अनेक आज्यांनी 1972 चा दुष्काळ पाहिला आहे. त्या वर्षी महाराष्ट्रातील लक्षावधी लोकांनी दुष्काळी कामांवर खडी फोडली आणि सुकडी व परदेशातून आलेला मिलो खाऊन दिवस काढले. रिकामे पान ज्याने पाहिले आहे, त्याला भरलेले पान म्हणजेच माया वाटते. मात्र ज्या नातवासाठी ही माया आहे, त्याच्या घरात आज बिस्किटांचा डबा कधीच रिकामा होत नाही, हे आजीला कोणीतरी प्रेमाने समजावून द्यावयास हवे. भूक लागल्यावर खाणे आणि पोट भरल्यावर थांबणे हे ज्ञान मूल जन्मतःच घेऊन येते. आग्रहाने ते विसरविले जाते.

जुन्या पद्धतीचे महाराष्ट्रीय पान पाहिले, तर त्यात फारसे बदलण्यासारखे नाही. ज्वारीची किंवा बाजरीची भाकरी, वरण, मटकीची उसळ, पालेभाजी, कोशिंबीर आणि ताक. यांत चोथा आहे, प्रथिने आहेत, आणि हे चावून खावे लागते म्हणून खाण्यास वेळ लागतो. पोट भरल्याची जाणीव मेंदूपर्यंत पोहोचण्यास सुमारे वीस मिनिटे लागतात. दूरदर्शनसमोर किंवा भ्रमणध्वनी हाती घेऊन भराभर खाणारा मुलगा त्या जाणिवेच्या आधीच दुप्पट खाऊन मोकळा होतो. पूर्वीही लाडू-करंज्या होत्या. पण त्या दिवाळीच्या होत्या. आता रोजच दिवाळी असते.

सर्वांत फसवी साखर असते ती पेयातील. थंड पेयाच्या 300 मिलिलिटरच्या बाटलीत सुमारे 30 ग्रॅम किंवा त्याहूनही अधिक साखर असते, म्हणजे चहाचे सहा-सात चमचे. एवढी साखर पोटात जाऊनही भूक भागत नाही. वरून घातलेल्या साखरेपासून मिळणारे उष्मांक एकूण उष्मांकांच्या एक दशांशाहून कमी असावेत, असे जागतिक आरोग्य संघटना सांगते. दिवसाला 2000 उष्मांक लागणाऱ्या मुलाला ही मर्यादा 50 ग्रॅमवर येते. एका बाटलीत तिचा अर्ध्याहून अधिक भाग संपतो. साखरेऐवजी गूळ वापरला म्हणून निश्चिंत राहण्याचेही कारण नाही. या हिशेबात गूळ साखरेचाच भाऊ आहे. तहानेला पाणी आणि ताक, भुकेला फळ, मूठभर फुटाणे किंवा उकडलेल्या शेंगा, ही व्यवस्था स्वस्तही पडते. मेद, मीठ व साखर अधिक असलेले पदार्थ शाळेच्या उपाहारगृहात आणि प्रवेशद्वारापासून 50 मीटरच्या आत विकू नयेत, असा नियम 2020 साली भारत सरकारने केला. परंतु कायदा घराच्या उंबरठ्याशी थांबतो.

घरात एखादे मूल स्थूल असले, की त्याचेच पान वेगळे वाढण्याची रीत काही ठिकाणी दिसते. भावाला भजी आणि त्याला काकडी! याहून वाईट उपाय शोधूनही सापडणार नाही. ते मूल मग चोरून खाऊ लागते. आप्तेष्टांनी 'जाड्या', 'भोपळा' अशी नावे ठेवली, तर ते मैदानावर जाण्याचेच टाळते आणि मैदानच तर त्याला हवे असते. पान बदलावयाचे तर घरातील सर्वांचे बदलावे, बाबांचे आधी.

मैदानाचा हिशेब सरळ आहे. पाच ते सतरा वर्षांच्या मुलांनी दिवसातून निदान साठ मिनिटे धाप लागेल अशी हालचाल करावी, असा तज्ज्ञांचा सल्ला आहे. लंगडी, खो-खो, आट्यापाट्या, विटीदांडू, लगोरी यांपैकी कोणत्याही खेळाला महागडे साहित्य लागत नाही. शहरांत अंगणे उरली नाहीत हे खरे. पण जिने आहेत, गच्ची आहे, कोपऱ्यावरच्या दुकानातून पायी जाऊन आणावयाचे दूध आहे. मुलींविषयी एक गोष्ट मुद्दाम सांगितली पाहिजे. बारावे वर्ष लागले, की 'आता मोठी झालीस' म्हणून अनेक घरांत त्यांचा खेळ थांबविला जातो. हाडे व स्नायू बळकट होण्याचे तेच वय असते. फुगडी आणि झिम्मा यांत किती दम लागतो, हे घालून पाहिल्यावाचून कळत नाही. झोपेचेही असेच आहे. बारा वर्षांपर्यंतच्या मुलाला रात्री नऊ तास तरी झोप हवी. ती अपुरी झाली, की दुसऱ्या दिवशी भूक वाढते आणि गोडाची ओढ लागते.

मुलाने उपाशी राहून वजन उतरविण्याचा प्रयत्न मात्र कधीही करू नये. त्याचे शरीर अजून बांधले जात आहे. डॉक्टर बहुधा निराळाच मार्ग सांगतात: वजन आहे तेवढेच राहू द्यावे आणि उंचीला वाढू द्यावे. काही घरांत मुलांच्या वाढदिवशी त्यांना दाराच्या चौकटीला पाठ लावून उभे करतात आणि डोक्याच्या उंचीवर पेन्सिलीने रेघ ओढतात. अशा घरात काटा वर्षभर एकाच आकड्यावर स्थिर राहतो, चौकटीवरील रेघ पाच-सहा सेंटिमीटर वर सरकते, आणि गेल्या वर्षी घट्ट झालेला सदरा अंगात पुन्हा सैल बसू लागतो.