धूर कुठं जातोय, ते आधी बघा



"वारा नसेल तेव्हा फवारा," हे वाक्य मी गावोगावच्या बैठकांत किती वेळा बोललो असेन, त्याची गणती नाही. त्या वाक्यानं एक बाग खाल्ली.

निफाडकडच्या एका गावात एकानं गव्हातल्या चिल-चांदवेलीसाठी टू-फोर-डी मारलं. डिसेंबरची पहाट, झाडाचं पान हालत नव्हतं. आठवड्याभरात उताराच्या अंगाला, दोन शेतं सोडून असलेल्या द्राक्षबागेची कोवळी पानं पंख्यासारखी आखडली, शेंडे वाकडे झाले. मधे कांदा होता, त्याला काहीच झालं नाही. म्हणून आधी सगळे रोगच म्हणाले. पण कांदा इतक्या थोड्या अंशाला दाद देत नाही आणि द्राक्षवेलीला तेवढाही पुरतो. बागायतदार भांडायला आला तेव्हा गहूवाले आण्णा माझ्याकडे बोट करून म्हणाले, "साहेब, तुम्हीच सांगितलं होतं ना, वारा नसताना मारा म्हणून?"

सांगितलं होतं खरं. पण अर्धंच सांगितलं होतं. उरलेलं अर्धं आज लिहितो.

उन्हाळ्यात विहिरीत पोहलेल्यांना माहीत आहे : वरचं पाणी कोमट आणि पाय खाली सोडले की गारठा. हलकं पाणी वर, जड पाणी खाली. कोणी ढवळल्याशिवाय दोन्ही मिसळत नाहीत. हिवाळ्यात आभाळ निरभ्र असलं आणि वारा पडला, की रात्री हवेचंही असंच होतं. जमीन आपली ऊब आभाळाकडे सोडून देते. तिला लागून असलेली हवा थंड, म्हणजे जड होते आणि उबदार हवा तिच्यावर झाकणासारखी राहते. एरवी वर जावं तसतसं थंड लागतं, इथं उलटं. पुस्तकात याला तापमानाचा व्युत्क्रम म्हणतात. आपण 'हवा बसली' म्हणू. बसलेल्या हवेत फवाऱ्याचे बारीक थेंब वर जाऊन विरत नाहीत आणि लवकर खालीही पडत नाहीत. ते धुक्यासारखे तरंगतात आणि थंड हवेबरोबर पाण्यासारखे उताराकडे, ओढ्या-लवणाकडे सरकतात. त्या बागेचं झालं ते असं.

एप्रिल-मेच्या दुपारी याच्या उलट. तापलेल्या जमिनीवरची हवा चुलीवरच्या आधणासारखी उसळते. कोरडी हवा वर चढताना दर किलोमीटरला सुमारे १० अंशांनी निवते. भोवतालची हवा त्याहून झपाट्यानं थंड होत गेली असेल, तर चढणारी हवा उबदारच राहते आणि चढतच जाते. दमट हवेला ढग धरला की आणखी जोर येतो, कारण वाफेचे थेंब होताना उष्णता सुटते. वळीव, वीज, गारा सगळं यातूनच. फेब्रुवारी-मार्च २०१४ ची गारपीट कोण विसरेल? दुपारी कोबीच्या गड्ड्यासारखे ढग उभे वाढताना दिसले, की औत सोडा आणि झाडाखाली थांबू नका. पण तो विषय मोठा आहे, पुन्हा कधीतरी.

आता फवारणीचं. पंप भरायच्या आधी बांधावर मूठभर ओलसर काडीकचरा पेटवा. धूर थोडा वर जाऊन चादरीसारखा आडवा पसरला, तर हवा बसलेली आहे. तणनाशक मारू नका. दव भरपूर असणं, लवणात धुकं असणं, एरवी कानावर न येणारा लांबच्या रेल्वेचा भोंगा स्पष्ट ऐकू येणं याही त्याच खुणा. ऊन चढल्यावर जमीन तापते, हवा ढवळते, धूर तिरका वर जाऊन विरतो. हिवाळ्यात साधारण नऊ वाजतात. तेव्हा मंद वारा हवाच, फक्त तो शेजाऱ्याच्या बागेकडे जाणारा नको. संध्याकाळी वारा पडला म्हणून खूश होऊ नका, सूर्य मावळायच्या सुमाराला हवा पुन्हा बसायला लागते. मधमाश्या वाचाव्यात म्हणून कीटकनाशकासाठी आम्ही दुपारनंतरची वेळ सांगतो. तेही दिवस मावळायच्या बऱ्याच आधी आटपा. आणि टू-फोर-डीचा पंप वेगळाच ठेवा, नुसता धुऊन भागत नाही.

हीच बसलेली हवा द्राक्षवाल्यांना थंडीत छळते. डिसेंबर २०१८ च्या अखेरीस निफाडला पारा २ अंशांच्या आसपास उतरला होता. तो आकडा पेटीतल्या तापमापीचा, जमिनीपासून सव्वा-दीड मीटरवरचा. जमिनीलगत त्याहूनही कमी असतं. बागेत शेकोट्या करताना एकच मोठी होळी पेटवू नका. तिची उष्णता वरचं झाकण फोडून निघून जाते. लहान लहान, पुष्कळ ठिकाणी करा म्हणजे ऊब झाकणाखालीच राहते. पहाटे पाणी सोडणंही चांगलं.

सरपंच आणि ग्रामसेवकांनाही एक विनंती. गावचा कचरा संध्याकाळी पेटवतात, तो धूर रात्रभर घराघरांत बसतो. मुळात जाळूच नये, खड्ड्यात कुजवावा.

त्या बागेचा पंचनामा झाला नाही. ही नैसर्गिक आपत्ती नव्हे, असं उत्तर मिळालं आणि ते नियमाला धरूनच होतं. दोघांचा बांध एका बाजूला लागून आहे, पण बोलणं अजून बंद आहे. आण्णा यंदाही गहू करणार आहेत. पेरणीनंतर तिसाव्या-पस्तिसाव्या दिवशी मी स्वतः काडेपेटी घेऊन त्यांच्या बांधावर जाणार आहे आणि बागायतदारालाही बोलावणं धाडलं आहे.