जुन्या लाकडाचा नाद आणि धरणाकाठची हवा

जुलै उजाडला की खडकवासल्याच्या घरातली माझी गिटार वेगळी बोलू लागते. तारा फ्रेटपासून जराशा उचललेल्या असतात, बोटांना जास्त जोर लावावा लागतो आणि आवाज जाड, कोंडलेला येतो. एप्रिलमध्ये हीच गिटार खणखणीत वाजत होती. मधल्या काळात सिंहगडावर ढग उतरले, धरण भरू लागले आणि हवेतला ओलावा लाकडाने पिऊन घेतला.

गिटार जितकी जुनी तितकी गोड, आणि वाजवून वाजवून ती मोकळी होते, असे वादक सांगत आले आहेत. यात दावे दोन आहेत, एक वयाचा आणि दुसरा वादनाचा. वेगवेगळे तपासले तर पहिला बराच पक्का ठरतो, दुसरा डळमळतो.

गिटारची वरची फळी, बहुधा स्प्रूसची, जेमतेम अडीच-तीन मिलिमीटर जाड असते. पोलादी तारांचा सुमारे ७० किलोंचा ताण ती अहोरात्र पेलते, तरीही तिला थरथरता आले पाहिजे. लाकडात सेल्युलोजचे तंतू असतात, त्यांना बांधणारे लिग्निन असते आणि हेमिसेल्युलोज असते. हवेतले पाणी सर्वांत जास्त धरून ठेवते ते हेमिसेल्युलोज, आणि काळाच्या ओघात आधी झिजतेही तेच. मग लाकूड थोडे हलके होते, पावसाळ्यात पूर्वीइतके पाणी पीत नाही, आणि तारेची ऊर्जा लाकडातच उष्णता होऊन विरण्याचे प्रमाण घटते. तैवानच्या संशोधकांनी विख्यात व्हायोलिनकार स्ट्रॅडिव्हेरीच्या वाद्यांतले मेपलचे लाकूड तपासले. २०१७ च्या त्यांच्या अहवालानुसार त्यातले सुमारे एक तृतीयांश हेमिसेल्युलोज विघटित झाले होते. काही गिटार कंपन्या आता प्राणवायू नसलेल्या भट्टीत लाकूड भाजून हेच वय काही तासांत आणू पाहतात.

वादनाचे काय? सिडनीत एकाच कारागिराने सारख्या लाकडाची दोन व्हायोलिने घडवली. एक संग्रहालयात जपून ठेवले, दुसरे व्यावसायिक वादकाला नियमित वाजवायला दिले. तीन वर्षांनी ना वादकांना, ना श्रोत्यांना त्यांत ठळक फरक जाणवला. उलट १९९६ मध्ये ‘नेचर’मध्ये हंट आणि बाल्सन यांनी दाखवले की दमट हवेत लाकडाला सतत कंप दिला तर त्याचा ताठरपणा वाढू शकतो. म्हणजे वादनाचा परिणाम अगदी शून्य म्हणता येणार नाही. पण नव्या गिटारच्या पहिल्या वर्षात मोकळी होतात ती मुख्यतः वादकाची बोटे, असे माझे स्पष्ट मत आहे.

वादनाने वाद्य खरोखर कसे बदलते, ते मिरजेच्या तंबोऱ्यात पाहावे. शस्त्रांना धार लावणाऱ्या शिकलगार घराण्यांनी तिथे हा व्यवसाय उभा केला, आणि २०२४ मध्ये मिरजेच्या सतार-तंबोऱ्याला भौगोलिक मानांकन मिळाले. पंढरपूर-मंगळवेढा भागातले भोपळे आधी पूर्ण वाळवायचे, मगच पुढचे काम. म्हणजे इथेही सुरुवात पाणी काढून टाकण्यापासूनच. तंबोऱ्याच्या तारा जिच्यावर टेकतात त्या घोडीचा माथा किंचित गोलसर असतो. तार त्याला पुसटशी घासत कंप पावते आणि तिच्यातून वरच्या स्वरांचा झंकार उमटतो. ती जवारी. सी. व्ही. रामन यांनीही या घोडीचा अभ्यास केला होता. वाजवून वाजवून तार घोडीत खाचा पाडते, जवारी बसते आणि कारागिराला ती कानसेने घासून पुन्हा काढावी लागते. वादनाने इथे नाद सुधारत नाही, झिजतो. गिटारमध्येही फ्रेट झिजतात, तारांवर घाम आणि गंज चढतो, आणि मंदावलेल्या तारेचा दोष आपण लाकडाला देतो.

म्हणून गिटारचा आवाज बिघडला असे वाटले की आधी तारा बदला. खोलीत साधा आर्द्रतामापक ठेवा. आकडा ४५ ते ५५ टक्क्यांच्या आसपास असेल तर लाकूड सुखात असते. पावसाळ्यात गिटार पेटीत, सिलिका जेलच्या पुड्यांसोबत ठेवा. एप्रिल-मेच्या कोरड्या दुपारी हवा उलट टोकाला जाते आणि फळीला चीर पडू शकते, तेव्हा पेटीत ओलसर स्पंजची छिद्रांची डबी हवी. आणि सिंहगडाच्या पायथ्याशी उन्हात उभ्या केलेल्या बंद गाडीत ती कधीही सोडू नका; तिथे सरसाचे जोड सुटायला एक दुपार पुरते.