कुसळ धरण्यापूर्वीची कापणी

माण-खटावसारख्या अवर्षणप्रवण मुलुखात, जेथे पाऊस जेमतेम आणि गायरानावर हक्क साऱ्या गावाचा, तेथे चार-पाच गुरे बाळगणाऱ्याचे खरे भांडवल म्हणजे बांधावरचे व पोटखराब्यातले गवत होय. परंतु ते पिवळे पडल्यावर कापण्याचा जो प्रघात आहे, तो मला तरी सर्वस्वी तोट्याचा वाटतो. फुलोऱ्याच्या सुमारास पवन्या वा मारवेल यांत असणारे प्रथिनांचे प्रमाण बी धरताच झपाट्याने घटते, काडी काष्ठमय होते, आणि कुसळीचे तर विचारूच नये: तिचे अणकुचीदार कुसळ ओलाव्याने पीळ सोडत जनावराच्या हिरडीत रुतते. म्हणून उघडीप साधून फुलोऱ्यातच कापणी करावी, एखादी पट्टी तेवढी बियांसाठी राखावी, आणि वाळलेले गवत शाळूच्या कडब्याबरोबर कुट्टी करूनच घालावे. अखंड पेंढी टाकली की गुरे पाने ओरबाडतात व धांडे तुडवतात.